जोड : आमच्या गावच्या बँडच्या इतिहासाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या बँडच्या मास्टरांच्या घरातला बँडचा फोटो आज भिंतीवरून उतरवून घेतला. काचेच्या आतून वाळवी लागायला सुरुवात झाली होती, म्हणून घाई केली. चौदा माणसं आहेत. पाच खुर्च्यांवर, नऊ मागे उभी. पाठीमागे आर्वीच्या स्टुडिओचा शिक्का आणि शाईनं लिहिलेलं साल, १९६४. मास्टर मधोमध, मांडीवर क्लॅरनेट आडवं. सगळ्यांच्या अंगात एकसारखे कोट, खांद्यावर झालर, पायात बूट.

पुढच्या रांगेतली पाचही नावं मास्टरांच्या सूनबाईंनी एका दमात सांगितली. मागच्या नऊपैकी फक्त दोन. त्या दोघांतले एक माझे आबाजी, माझ्या आईचे वडील. त्यांच्या युफोनियमच्या (खालच्या आवाजाचं मोठं पितळी वाद्य) भोंग्यानं त्यांचा अर्धा चेहरा झाकला आहे.

ही वही आजपासून सुरू करते. बँडचा इतिहास लिहायचा म्हणजे मास्टरांचं चरित्र लिहायचं, असं मी धरून चालले होते. फोटो हातात घेतल्यावर तसं वाटेनासं झालं. बाकीची सात नावं शोधायची, हे पहिलं काम. दुसरं त्याहून अवघड आहे. बँडच्या धुनी गावात अजून साठीच्या पुढच्या प्रत्येकाला पाठ आहेत. पण धुनीच्या खालून, मागून, मध्येच तिला उत्तर देत जे दुसरं काही वाजत असे, ते कुणालाच गुणगुणता येत नाही. बँडवाले त्याला 'जोड' म्हणत. एका तरी गाण्याची जोड पूर्ण मिळवायची आणि कागदावर उतरवायची.

२६ जानेवारी

झेंडावंदन, कवायत, खाऊवाटप आटोपून दुपारी सूनबाईंकडे. माळ्यावरची पेटी खाली काढली. एक पिस्टन निघालं (ट्रम्पेटला इकडे सगळे पिस्टनच म्हणतात), त्याची एक कळ बसलेली. भोंग्यावर मेरठचा ठसा आहे. त्यात नवल काही नाही. मेरठच्या जली कोठी भागातल्या कारखान्यांतून देशभरातल्या बँडांना वाद्यं जात आली आहेत, आजही जातात. क्लॅरनेटच्या पत्त्यांची (फुंकायच्या टोकाला लावायच्या पातळ पट्ट्यांची) एक डबी, त्यातल्या दोन अजून कोऱ्या.

आणि सुपाऱ्यांची वही. गाव, तिथी, माणसं किती, इसार किती, बाकी किती. अक्षर मास्टरांचं, पेन्सिलीचं. स्वरलिपीचा एक शब्द कुठं नाही. सगळी वही चाळली, हिशेबाशिवाय काही नाही. फक्त काही गावांच्या नावापुढे 'शि.' असं लिहून खाली रेघ मारलेली आहे. सूनबाईंना त्याचा अर्थ माहीत नाही. शिल्लक म्हणावं तर बाकीचा रकाना वेगळा आहे.

९ फेब्रुवारी

क्लॅरनेटवाल्या चाचांना आर्वीत त्यांच्या घरी भेटले. वय चौऱ्याऐंशी. शिलाई मशीन अजून दारात आहे, पण आता नातू चालवतो. फोटोत चाचा मागच्या रांगेत उजवीकडून तिसरे. त्यांनी आणखी तीन नावं दिली. आता मागच्या रांगेत चार बाकी.

मी विचारलं, 'गाणी बसवायची कशी? रेकॉर्ड होत्या का?'

चाचा म्हणाले, 'रेकॉर्ड कुठली बेटा. कार्तिकात कौंडण्यपूरची यात्रा भरे. तिथं टुरिंग टॉकीज येई. आम्ही नदीपलीकडे तीन रात्री जायचो. मास्टर आधीच वाटून देत. तू फक्त पिस्टन ऐक. तू सॅक्सोफोन ऐक. तू खालचा बाजा ऐक, दुसरं काही कानात घेऊ नको. गाना कोणी ऐकायचं नाही, गाना मी ऐकतो. परत येताना रस्त्यानं कोणी बोलायचं नाही. बोललं का सांडते.'

पहिल्या रात्री तिकीट काढून आत, पुढच्या दोन रात्री कनातीबाहेर उभं राहून. कोवळ्या वयाच्या चाचांच्या वाट्याला खुळखुळा आला होता.

तो सिनेमा कोणता, हे चाचांना पक्कं आठवतं : 'अलबेला'. १९५१चा. इकडे यायला त्याला काही वर्षं लागली आणि मग तो यात्रेत पुन्हापुन्हा येत राहिला.

रात्री घरी येऊन शोधत बसले आणि एकाला एक दुवे लागत गेले. सिनेमा काढणारे आणि त्यात नाचणारे भगवानदादा जन्मले अमरावतीत. म्हणजे यात्रेतल्या माणसांसाठी पडद्यावरचा नायक आपल्याच मुलखातला होता. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे चितळकरांचं, आणि ते काही काळ नागपुरात गाणं शिकलेले. त्यांच्या हाताखाली वाद्यमेळ सांभाळणारा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर व्हाझ, गोव्यातल्या आल्दोन्याचा. मुंबईत त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला'त तो आणि त्याची मंडळी पडद्यावरही दिसतात.

आणि चिक चॉकलेटकडे हे वाजवणं आलं कुठून? १९३५ साली लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड पियानोवाला, तो परत गेलाच नाही. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला. यांच्या बँडांत आणि यांना ऐकत गोव्याचे वादक तयार झाले. त्यांना नोटेशन वाचता येत असे, कारण गोव्यात चर्चच्या शाळांतून ते लहानपणीच शिकवत. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. तिथून ते फितीवर चढलं, फीत पेटीत बसून यात्रेत आली आणि कनातीबाहेर उभ्या असलेल्या आमच्या माणसांनी ते कानात भरून वर्धा नदीच्या या काठी आणलं.

त्यांना 'जॅझ' हा शब्द माहीत नव्हता. चाचांना आज विचारला, तर ते म्हणाले, 'इंग्लिश ठेका म्हणत होतो आम्ही.'

१६ फेब्रुवारी

मास्टरांचे गुरू कोण? सूनबाई आणि चाचा दोघांचं यावर एकमत आहे : कामठीच्या पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेला एक शिपाई. तो पुलगावात नातेवाइकांकडे राहायला आला होता. नाव दोघांनाही आठवत नाही. कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे आणि आज तिथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचं केंद्र आहे. पलटणींबरोबर पितळी वाद्यं आली आणि वाजवणारे निवृत्त झाले की ती कला गावोगाव सांडत गेली.

शिपायाला नोटेशन वाचता येत होतं. मास्टर ते शिकले नाहीत. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं सरगम लिहायची. गाणं बसलं की भिंत सारवून टाकायची. सूनबाई म्हणाल्या, 'सासूबाई दर हप्त्याले सारवत. शेणाचे थर पाय कितीक चढले असतीन.'

गोठा आता नाही. तिथं नातवाची मोटारसायकल उभी असते.

२ मार्च

पिस्टनवाले काका. फोटोत ते नाहीत, नंतर आले. वय ऐंशी. आबाजींच्या शेजारी उभं राहून वीस वर्षं वाजवलं, म्हणजे जोड मिळेल तर यांच्याकडेच, अशा आशेनं गेले.

काकांनी पिस्टन हातात घेतलं, कळा दाबून पाहिल्या, तोंडाला मात्र लावलं नाही. समोरचे दात गेलेत. दातांचा आधार गेला की ओठ टिकत नाहीत आणि पिस्टन तर सगळं ओठांवरच. त्यांनी तोंडानं धून म्हणून दाखवली, तीही सुरेख. मी जोड मागितली. ते बराच वेळ गप्प. बोटं हवेत हलवून पाहिली.

'जोड एकट्यानं येत नाही बाई,' ते म्हणाले. 'समोरून धून आली का हात आपोआप जाते. मले सांगता नाही येत, वाजवतानाच येते.'

येताना एसटीत मला फार निराश वाटत होतं. नंतर लक्षात आलं की काकांनी मला कामाची पद्धतच सांगितली आहे. एकेकाकडे जाऊन ही गोष्ट मिळणार नाही. दोघांना समोरासमोर बसवावं लागेल.

१४ मार्च

धुलिवंदन. काम नाही.

२३ मार्च

चाचा आणि काका आज भेटले. काकांच्या ओसरीवर. चौदा-पंधरा वर्षांनी, असं दोघंही म्हणाले. पहिला तास फक्त कोण गेलं आणि कोण आहे याचा हिशेब. त्यात मला आणखी दोन नावं मिळाली. बाकी दोन.

सोबत नागपूरचा मित्र होता. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, नोटेशन लिहितो. शाळेची पेटी मी नेली होती. पट्टी कोणती धरायची ते त्यानंच सांगितलं. क्लॅरनेट, पिस्टन, युफोनियम ही तिन्ही बी फ्लॅटची वाद्यं. त्यांचा सा म्हणजे पेटीची काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनचा सा काळी दोनला. म्हणून भिंतीवरची सरगम सॅक्सोफोनवाल्यासाठी वेगळी लिहावी लागे. हे ऐकताच चाचा म्हणाले, 'त्याची भिंत अलग होती ना!' वर्षानुवर्षं अडलेली गोष्ट त्यांना आज उलगडली.

चाचांनी क्लॅरनेटला डबीतली कोरी पत्ती लावली. साठ वर्षांची जुनी पत्ती, पण बोलली. श्वास पुरत नव्हता, म्हणून दोन-दोन ओळी वाजवायच्या आणि थांबायचं. आणि चाचांनी दुसरी ओळ सुरू करताच काकांच्या तोंडून, न ठरवता, खालून जोड आली. डोळे मिटलेले. उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर कळा दाबत होती. आम्ही कुणी हललो नाही. पुतण्यानं मोबाइल धरला होता, त्याचा हात थरथरत होता.

जोड म्हणजे नुसते खालचे सूर नव्हते. क्लॅरनेटची ओळ संपते तिथं पिस्टन तीन फटके मारतं, क्लॅरनेट पुन्हा विचारतं, पिस्टन पुन्हा उत्तर देतं. मित्र म्हणाला, हीच बिग बँडची, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यमेळाची, रचना. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी डॉन रेडमन लिहीत असे, तेव्हा त्यानं सॅक्सोफोन-क्लॅरनेटची फळी एकीकडे आणि पितळी वाद्यांची दुसरीकडे, अशी आमनेसामने उभी केली. काकांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, 'हे तं आपल्या खडी गंमतीतले सवाल-जवाब झाले.' (खडी गंमत म्हणजे इकडचा तमाशासारखा खेळ.) दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मित्रानं दुसरीही एक गोष्ट सांगितली, ती इथं पूर्ण लिहून ठेवते. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या जॅझ बँडांत पुष्कळदा काहीच लिहिलेलं नसे. वादक एकत्र बसत, एकानं एक तुकडा काढायचा, दुसऱ्यानं त्याला जोड द्यायची, आणि सगळं डोक्यात साठवायचं. काउंट बेसीच्या बँडचं हेच. त्या बँडची सर्वांत गाजलेली धून १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, तीही अशीच, बसून-वाजवून तयार झालेली. तिच्यात बस्टर स्मिथ आणि एडी डरॅम या वादकांचा हात होता, नाव मात्र बेसीचं लागलं.

बेसी मोठाच माणूस. आमचे मास्टरही मोठे, त्यांच्याशिवाय बँड उभाच राहिला नसता. पण ही दोन नावं ऐकून मला आमच्या फोटोची मागची रांग दिसली.

आज चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण झालं. क्लॅरनेट आणि पिस्टन मिळालं. युफोनियम नाही.

६ एप्रिल, रामनवमी

आजीकडे. अठ्ठ्याऐंशी वर्षं, कान शाबूत. तिला वहीतलं 'शि.' दाखवलं. वाचता येत नाही तिला, मी वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, 'शिदोरी.'

मग सांगू लागली. ज्या गावात बँडवाल्यांना मांडवाच्या पंगतीत बसवत नसत, बाहेर झाडाखाली पत्रावळी देत, त्या गावाची मास्टर खूण करून ठेवत. त्या गावी जाताना प्रत्येकानं आपल्या घरची भाकर बांधून न्यायची आणि तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. 'वाजवा मांडवात अन् जेवा उकिरड्यापाशी,' आजी म्हणाली. 'तुह्या आबाजीनं मास्टरले सांगतलं, का मी उपाशी वाजवीन पण असा नाही जेवत. मंग सगळ्यांनीच ठरवलं.'

मी वही पुन्हा उघडली. 'शि.' असलेली गावं मोजली नाहीत. त्यातल्या दोन गावांत आमचे पाहुणे आहेत.

आणखीही सांगितलं तिनं. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा आबाजी आणि त्यांचे मोठे भाऊ दोघंही गेले होते. परत आल्यावर गावकीची सक्तीची कामं सुटली. मेलेली जनावरं ओढणं सुटलं, बोलावलं की डफडं घेऊन उभं राहणं सुटलं. मोठे आबाजी म्हणत, वाजवणं म्हणजे वाजवणंच, बँडही सोड. आबाजी म्हणत, डफडं हुकमानं वाजवलं, बँड सुपारी ठरवून, बूट घालून वाजवतो. सूर मी शिकलो, तो माझा आहे. दोघं भाऊ यावरून कित्येक वर्षं नीट बोलले नाहीत.

मला दोघांचंही पटतं. इतिहास लिहिताना दोघांचीही बाजू जशीच्या तशी ठेवणार आहे, कुणा एकाला बरोबर ठरवणार नाही.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. डीजेच्या भिंती ट्रॅक्टरवर. चौकात पुतळ्यापाशी डीजे दहा मिनिटं बंद करायला पोरांनी कबूल केलं, ते माझ्या शब्दाखातर. चाचांना पुतण्या आर्वीहून घेऊन आला. त्यांनी भीमगीताच्या चार ओळी क्लॅरनेटवर वाजवल्या. आजी ओट्यावर बसून ऐकत होती.

४ मे

नात्यातलं लग्न, देवळी तालुक्यात. परण्याला (वरातीला) धुमाल होती. नागपूरकडून आलेली ही पद्धत आता सगळीकडे आहे. गाडीवर कीबोर्ड, पुढे ड्रम आणि ताशांचा ताफा. पोरं चांगली वाजवतात, लयीला पक्की. त्यांच्यातल्या कीबोर्डवाल्याशी बोलले. त्याचे आजोबाही बँडमध्ये होते, सॅक्सोफोन वाजवत. सॅक्सोफोन घरी आहे का? नाही, मोडीत गेलं, पितळेच्या भावानं.

त्याला मोबाइलवरची जोड ऐकवली. एकदाच ऐकून त्यानं ती कीबोर्डवर डाव्या हातानं काढली. मला तिथंच भरून आलं. त्याचा नंबर घेतला.

१८ मे

सातवं नाव नाही, सहावं मिळालं. झांजवाला. त्याच्या लेकीनं फोटोतला कान ओळखला. खरंच, चेहऱ्यावरून नाही, कानावरून. उरला एक, सगळ्यात डावीकडे ढोल घेऊन उभा असलेला.

उन्हाचा पारा फार चढलाय. दुपारी कुठं जाणं शक्य नाही. घरी बसून ध्वनिमुद्रणं उतरवते आहे.

८ जून

मृग लागला, पाऊस नाही.

मित्रानं लिहिलेली पानं घेऊन काकांकडे गेलो. मी, मित्र आणि तो धुमालवाला मुलगा. क्लॅरनेट आणि पिस्टन ध्वनिमुद्रणावरून उतरवलेलं आहे. युफोनियमची ओळ मित्रानं अंदाजानं भरली होती, बाकीच्या दोघांच्या मधे जे बसायला हवं ते धरून. मुलानं कीबोर्डवर ती युफोनियमच्या आवाजात वाजवली आणि खाली धून चालू ठेवली.

काका ऐकत राहिले. पहिली ओळ, मान हलवली. दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीच्या शेवटी त्यांनी हात वर केला.

'इथं नाही. इथं तुह्ये आबाजी वाजवत नव्हते.'

मित्र म्हणाला, इथं सूर लागतोच, नाहीतर भोक पडेल.

'भोकच होतं,' काका म्हणाले. 'दोन मात्रा खाली.'

आबाजी हंगामात जिनिंगमध्ये कामाला असत. कापसाची धूळ छातीत बसलेली. चार ओळींचा दम त्यांना पुरत नसे. चौथीच्या शेवटी ते बाजा तोंडापासून काढून श्वास घेत. मास्टर सुरुवातीला चिडले. मग ढोलवाल्यानं त्या दोन मात्रांत आपल्या मनानं एक फटका मारायला सुरुवात केली, अगदी शेवटच्या अर्ध्या मात्रेवर. लोकांना तो इतका आवडला, की पुढे आबाजी उन्हाळ्यात, दम चांगला असतानाही, तिथं थांबतच. काका म्हणाले, त्या फटक्यावर पूर्ण वरात एक पाय उचले.

मुलानं दोन मात्रा मोकळ्या सोडून पुन्हा वाजवलं. काकांनी गुडघ्यावर तो फटका मारला.

मित्रानं कागदावरचे दोन सूर खोडले आणि तिथं विरामाची खूण केली. मी खाली पेन्सिलीनं आबाजींचं नाव लिहिलं. ढोलाच्या ओळीत फटक्याची खूण आहे, नावाची जागा रिकामी आहे. काकांना तो माणूस खरांगण्याकडचा होता एवढं आठवतं, आणि त्याचा मुलगा पुलगावला असेल, असं ते म्हणतात. रविवारी पुलगावला जायचं, फोटो सोबत घ्यायचा.